विन्स्लोंच्या आधी : मराठी उपासना चालवायला कोण, कोणाकडून शिकले?

१/ मराठी चर्चमधील उपासनेविषयी दोन विधाने समाजमाध्यमांवर आलटून पालटून फिरत असतात. पहिले असे की, ही उपासना म्हणजे इंग्रजांच्या प्रार्थनापुस्तकाची मराठी नक्कल. गोऱ्या पाद्र्याने वाचले आणि एतद्देशीय मंडळीने ‘आमेन’ म्हटले. दुसरे विधान ख्रिस्ती वर्तुळांत अधिक प्रिय आहे : जॅक विन्स्लो नावाच्या एका सहृदय इंग्रजाने ही नक्कल थांबवली आणि उपासनेला भारतीय रूप दिले. वरवर पाहता ही विधाने एकमेकांच्या विरोधात आहेत. वस्तुतः दोहोंत कर्ता एकच आहे, इंग्रज. मराठी माणूस दोन्हीकडे केवळ श्रोता. हा धागा त्या श्रोत्याच्या भूमिकेविरुद्ध आहे.

२/ आरंभ सोलापुरापासून करावा. कारण सोलापूर या दोन्ही विधानांत बसतच नाही.

३/ सोलापुरातील मराठी प्रोटेस्टंट मंडळीचे मूळ अँग्लिकन नाही. ते अमेरिकन मराठी मिशनचे. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला स्थिरावले आणि १८६० च्या दशकात सोलापुरात पोहोचले. ही मंडळी काँग्रिगेशनल परंपरेची, म्हणजे जिथे बिशप नाही, बंधनकारक प्रार्थनापुस्तक नाही आणि प्रार्थना पाळकाच्या अंतःकरणातून तत्क्षणी उमटावी अशी अपेक्षा. पुढे १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात हे चर्च, अँग्लिकन चर्च आणि आणखी चार संस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. सोलापूरच्या मंडळीच्या डोक्यावर बिशप आला तो या वाटेने. स्वतंत्र भारतात, भारतीयांच्या मतदानाने आणि चाळीसएक वर्षांच्या वाटाघाटींनंतर. यात ‘इंग्रजांनी लादले’ हे वाक्य कुठे बसवायचे?

४/ म्हणजे ज्यांचे आजोबा-पणजोबा बिनपुस्तकाची प्रार्थना करीत, त्यांच्या नातवंडांना छापील विधी हाताळायला शिकावे लागले. आणि ज्यांच्या घरी पुस्तक होते त्यांना पुस्तकाबाहेरचे बोलायला शिकावे लागले. ही दुहेरी शिकवणी फारशी कोणी नोंदवून ठेवलेली नाही. मराठी धर्मेतिहासातला हा मोठाच बदल, पण आपल्याकडे धर्मांतराचा क्षण तेवढा इतिहास मानला जातो. धर्मांतरानंतरचे हजारो रविवार कोणाच्या हिशेबात नाहीत.

५/ आता पुस्तकाविषयी. ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ पहिल्यांदा १५४९ मध्ये निघाले. इंग्लंडमध्ये कायद्याने प्रमाण ठरलेली आवृत्ती १६६२ ची. त्यामागील आर्चबिशप क्रॅन्मर यांची मूळ तक्रार आज वाचली तर हसू येते. जुन्या पद्धतीत नियम इतके गुंतागुंतीचे होते की, काय वाचायचे ते शोधण्यातच वाचनापेक्षा जास्त वेळ जाई! म्हणजे हे पुस्तक मुळात नियोजनाच्या अडचणीवर काढलेला तोडगा होता. १५० स्तोत्रांची वाटणी महिन्याच्या ३० दिवसांत, सकाळ व संध्याकाळ अशी केलेली. दर रविवारची ठरलेली प्रार्थना व ठरलेला शास्त्रपाठ. पापकबुली, स्तोत्र, जुन्या करारातील वाचन, नव्या करारातील वाचन, विश्वासांगीकार, विनवण्या हा ठरलेला क्रम.

६/ हा क्रम एकदा अंगवळणी पडला की, जेमतेम शाळा शिकलेला माणूसही संपूर्ण उपासना चालवू शकतो. चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिक भागात आणि एस.पी.जी.च्या नगर-कोल्हापूर भागात गावोगावी नेमके हेच घडत होते. दीक्षित धर्मगुरू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, गावे कितीतरी. रोजची उपासना चालवी तो गावातला शिक्षक-कॅटेकिस्ट. मंडळीतील अनेकांना अक्षरओळख नसे, म्हणून एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणायची. पुस्तक एकाच्या हातात, पाठ सगळ्यांच्या तोंडी.

७/ एक बारकावा येथे सोडता कामा नये. पुस्तकाच्या नियमाप्रमाणे पापकबुलीनंतरची क्षमाघोषणा केवळ धर्मगुरूने उच्चारायची. कॅटेकिस्ट ती उच्चारू शकत नसे. प्रभुभोजनही देऊ शकत नसे. म्हणजे गावातली माणसे रोज पाप कबूल करीत आणि क्षमेचे ते शब्द ऐकायला साहेबाच्या दौऱ्याची वाट पाहत. वसाहतवादावर टीका करायची असेल तर ती येथे करावी. पुस्तक परके होते यावर नव्हे. त्यातील कोणते वाक्य कोणी उच्चारायचे, या अधिकाराच्या वाटपावर. त्या काळात मिशनच्या क्षेत्रात धर्मगुरू म्हणजे बहुतेक ठिकाणी युरोपीय, हे लक्षात घेतले की त्या एका सूचनेचा अर्थ बदलतो.

८/ ‘छापील विधी म्हणजे मेलेला विधी’ असे म्हणणारे सर्वत्र भेटतात. त्यांत पुस्तकाला कंटाळलेले ख्रिस्ती तरुण आहेत, तसेच बाहेरून पाहणारे टीकाकारही. सोलापूरकराने हे म्हणावे याचे विशेष नवल वाटते. दर संक्रांतीला श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. तेथे संमती वाचली जाते. शब्द ठरलेले, क्रम ठरलेला, मान ठरलेले. दरवर्षी तेच. त्या क्षणी लाखभर हात अक्षता टाकायला उचलले जातात, तेव्हा कोणी म्हणते का की यंदा काही उत्स्फूर्त झाले नाही? ठरलेले शब्द मेलेले नसतात. ते कोण, कसे, कोणासमोर उच्चारतो यावर त्यांचा जीव अवलंबून असतो. नंदीध्वज पेलायला जशी तालीम लागते, तशी ठरलेली प्रार्थना पेलायलाही लागते.

९/ मग अँग्लिकन पद्धतीला भारतीय रूप यायला इतका उशीर का झाला? ‘त्यांचा धर्मच तसा’ हे उत्तर चुकीचे आहे. अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांपैकी २४ वे कलम सांगते की, लोकांना न कळणाऱ्या भाषेत सार्वजनिक प्रार्थना करणे अयोग्य. ३४ वे कलम सांगते की, रीती व विधी सर्वत्र एकसारखे असण्याची गरज नाही. देश, काळ, चालीरीती यांप्रमाणे ते बदलता येतात. सिद्धांताने दार उघडेच ठेवले होते. अडसर होता तो कायद्याचा. भारतातील अँग्लिकन चर्च हे कायद्याच्या दृष्टीने ‘चर्च ऑफ इंग्लंड’चाच भाग होते आणि १६६२ च्या एकरूपता कायद्याचे जोखड त्याच्याही मानेवर होते. हे जोखड उतरवायला लंडनच्या पार्लमेंटला १९२७ मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि १९३० मध्ये हिंदुस्थानचे चर्च स्वायत्त झाले. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात प्रार्थनेतले वाक्य बदलावे की नाही, हा प्रश्न वेस्टमिन्स्टरला बांधलेला होता.

१०/ या जोखडाला मराठी माणसांनी विरोध केला नाही, हा आणखी एक गैरसमज. पंडिता रमाबाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतात. पुढच्या दीड-दोन वर्षांतच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार तापतो. वादाचे मुद्दे अनेक आहेत : मतप्रणाली, बिशपांचा अधिकार, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास झालेली मनाई. त्यांतच एक लहानसा मुद्दा आहे, गळ्यातल्या क्रूसावरील अक्षरांचा. तेथे लॅटिन अक्षरे कशासाठी, असे रमाबाई विचारतात. ती भाषा त्यांना कळत नाही, त्यांच्या देशाची नाही; कोरायचेच तर संस्कृत कोरावे. अँग्लिकन चर्चचे २४ वे कलम एक विशीतली मराठी विधवा अँग्लिकन सिस्टरांनाच परत ऐकवत होती! विन्स्लो तेव्हा एक-दोन वर्षांचे होते.

११/ नेहेम्या गोरे यांचे उदाहरण उलट दिशेचे, म्हणून अधिक बोचरे. नीळकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ मध्ये बाप्तिस्मा, १८७० मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा. पुढे ते काउलीच्या संन्यासी धर्मगुरूंच्या सहवासात राहिले आणि त्यांना विधीचा काटेकोरपणाच हवा होता. ‘भारतीय मन मुक्त प्रार्थनेकडे झुकते’ असे सुबक विधान करणाऱ्यांनी गोऱ्यांचे काय करायचे ते ठरवावे. मीमांसा पढलेल्या माणसाला विधीतील क्रमाचे महत्त्व कोणा इंग्रजाने समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१२/ (जाता जाता : पुण्यातील पंचहौद म्हटले की इतिहासप्रेमींना १८९० चे चहाप्रकरण आठवते. टिळक, रानडे, प्रायश्चित्त, सगळे पाठ असते. त्या आवारातील १८८५ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘होली नेम’ चर्चमध्ये दर रविवारी मराठी मंडळी काय म्हणत होती, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला दिसत नाही. चहा कोणी घेतला याला जितकी पाने मिळाली, तितक्या ओळीही त्याला नाहीत.)

१३/ आता मुख्य मुद्दा. उपासनेचे नियोजन म्हणजे काय? कोणत्या गीताने मन एकवटायचे, कोठे थांबायचे, निरूपण किती लांबवायचे, कथा कोठे आणायची, लोकांना तोंड कोठे उघडू द्यायचे आणि शेवटी त्यांना कोणत्या भावात घरी पाठवायचे. हे शास्त्र महाराष्ट्राला इंग्लंडकडून शिकायचे होते का? नारदीय कीर्तनाचा आराखडा पाहा. नमन, मूळ पद, त्यावरील निरूपण हा पूर्वरंग, मध्ये नामघोष, मग उत्तररंगात आख्यान, अखेर आरती. वारकरी कीर्तनात एकच अभंग घेऊन त्याच्या चरणाचरणावर तासभर उभे राहायचे, टाळकऱ्यांनी योग्य जागी चाल उचलायची. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आहे. या जिल्ह्यातील शेतमजुरालाही चांगले कीर्तन आणि रटाळ कीर्तन यांतला फरक कळतो. ही जाण घेऊनच माणसे चर्चच्या दारात आली.

१४/ आणि ती त्यांनी वापरली. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ख्रिस्ती कथेला कीर्तनात बसवले आणि गीते रचली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पाळकपदाची दीक्षा १९०४ ची; नगरच्या धर्मशाळेत त्यांनी अध्यापन केले, ‘ज्ञानोदय’मध्ये लिहिले आणि अभंग, ओवी, भजन यांना उपासनेच्या मध्यभागी बसवले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले यांना एका पंगतीत बसवणारी ती कल्पना कोणत्याही मिशनच्या नियमावलीत बसणारी नव्हती. टिळक १९१९ मध्ये वारले.

१५/ या तारखा मुद्दाम ओळीने दिल्या आहेत. कारण विन्स्लो एस.पी.जी.चे मिशनरी म्हणून नगरला आले ते १९१४ मध्ये. ‘द युकॅरिस्ट इन इंडिया’ हे सहकाऱ्यांसह लिहिलेले पुस्तक १९२० चे. नगर येथे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना १९२२ ची. पुढे काही वर्षांनी तो पुण्यात गेला. टिळकांचे इंग्रजी चरित्र विन्स्लो यांनीच लिहिले, १९२३ मध्ये. शिष्य कोण आणि गुरू कोण, हे खुद्द विन्स्लो यांना नीट ठाऊक होते. विसर पडला तो नंतरच्यांना.

१६/ विन्स्लो यांचे श्रेय नाकारायचे कारण नाही. ते नेमके कोठे आहे एवढे पाहावे. टिळक काँग्रिगेशनल पाळक होते. नवे गीत म्हणायला त्यांना कोणत्याही पार्लमेंटची परवानगी लागत नव्हती. विन्स्लो अँग्लिकन होते. त्यांना प्रभुभोजनाच्या विधीला, म्हणजे उपासनेच्या गाभ्यालाच, हात लावायचा होता आणि तोही कायद्याचे जोखड उतरण्यापूर्वी. मुंबईचे बिशप पामर यांच्या पाठिंब्याने तो विधी प्रायोगिक स्वरूपात वापरात आला, हे धाडस खरे. पण त्या ‘भारतीय’ विधीचा पाया कोणता? केरळातील सुरियानी ख्रिस्ती वापरतात ती संत याकोबाची प्राचीन सुरियानी उपासना. त्यामागे तर्क होता : प्रभुभोजनाची प्राचीन, पाश्चात्त्य नसलेली प्रार्थना भारतात आधीपासून जिवंत होती ती तेथेच, आणि कीर्तन कितीही उत्तम असले तरी ते प्रभुभोजनाची जागा घेऊ शकत नाही. तरीही नगरच्या मराठी मंडळीसाठी भारतीयत्व अंत्युखियाहून मलबारमार्गे आणावे आणि पंढरपूर वाटेत लागू नये, यातील विनोद दृष्टीआड करता येत नाही.

१७/ येथवर आलेल्या वाचकाला वाटेल की, मराठी कर्त्यांची नावे सापडली, काम झाले. तसे नाही. गोरे, रमाबाई, टिळक या तिन्ही नावांकडे पुन्हा पाहावे. तिघेही ब्राह्मण. नगर-सोलापूर पट्ट्यातील ख्रिस्ती मंडळीत बहुसंख्य कोण होते? महार आणि मांग समाजातून आलेली माणसे. ‘भारतीयीकरण’ या शब्दाखाली उपासनेत आले काय? संस्कृत संज्ञा, आश्रम, संन्यास, भगवी-पांढरी वस्त्रे. हलगी आली का? सनई आली का? पिढ्यानुपिढ्या गावाचा प्रत्येक मंगलप्रसंग ज्यांच्या वाद्यांशिवाय सुरू होत नसे, त्यांचीच वाद्ये ‘पवित्र’ संगीताच्या यादीत कोठे होती?

१८/ अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९८१ मध्ये दिलेल्या व्याख्यानापासून हा प्रश्न धर्मशास्त्रात मांडला : भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे गौरवले गेले ते बव्हंशी ब्राह्मणी परंपरेशी केलेले संभाषण होते, आणि चर्चमधील बहुसंख्य दलितांचा अनुभव त्यात आलाच नाही. हा आक्षेप उपासनेलाही लागू आहे, टिळकांनाही लागू आहे आणि विन्स्लो यांच्या आश्रमाला तर सर्वाधिक.

१९/ मात्र या आक्षेपाचा उलटा गैरवापरही होतो : कीर्तन, अभंग हे ‘वरच्यांचे’, सबब दलित ख्रिस्ती मंडळीला ते परके. हे म्हणणाऱ्याने मंगळवेढ्याला जाऊन यावे. चोखामेळा तेथले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर. अभंग ही त्यांचीही भाषा होती. नाकारला होता तो गाभारा. देवळाचे दार अस्पृश्यांसाठी उघडायला साने गुरुजींचे १९४७ चे उपोषण लागले. त्याच्या कितीतरी आधी याच जिल्ह्यातील आणि शेजारच्या नगरमधील महार-मांग स्त्री-पुरुष एका सभागृहात, सर्वांसोबत बसून अभंगाच्या चालीवर गात होते, आणि त्यांच्यापैकीच कोणी समोर उभे राहून पुढचे गीत सांगत होते. उपासना ‘भारतीय’ होती की नाही, या चर्चेपेक्षा ती समोर उभे राहण्याची घटना कितीतरी मोठी आहे.

२०/ ते समोर उभे राहिलेले कोण होते? मिशनच्या अहवालांत ते ‘नेटिव्ह हेल्पर’, ‘नेटिव्ह एजंट’ या रकान्यांत आकडे म्हणून भेटतात. बायबल स्त्रिया तर त्याहून पुसट. घरोघर, चुलीजवळ, चार बायका जमवून त्या वाचन, गीत, प्रार्थना असा क्रम चालवीत. ती उपासना नव्हती तर काय होते? पण ते ‘भेटी’ या सदरात नोंदले जाई. पुरुषाने वेदीपुढे केले ती उपासना, बाईने ओट्यावर केले ती भेट.

२१/ आजचा वाद पडदा आणि प्रोजेक्टर, गिटार आणि ‘वर्शिप टीम’ यांचा आहे. एक पक्ष म्हणतो, पुस्तक बंद करा. दुसरा म्हणतो, पुस्तकाला हात लावू नका. दोन्ही पक्षांना वाटते की, आपणच प्रथम हा प्रश्न विचारीत आहोत. बिनपुस्तकाची प्रार्थना सोलापूरच्या मंडळीने दीडशे वर्षांपूर्वी केली आणि पुस्तकही पुढे पारखून घेतले. गिटारवाल्यांना ठाऊक नाही की, उत्स्फूर्त प्रार्थनाही दहा वर्षांत ठरीव वाक्यांची माळ बनते. पुस्तकवाल्यांना ठाऊक नाही की, त्यांच्याच ३४ व्या कलमाने बदलाला मुभा दिलेली आहे.

२२/ या विषयावर संशोधन करू पाहणाऱ्याला अमेरिकन मिशनची कागदपत्रे हार्वर्डच्या ग्रंथालयात, चर्च मिशनरी सोसायटीची बर्मिंगहॅमला आणि एस.पी.जी.ची ऑक्सफर्डला सापडतील. तेथे इंग्रजीत लिहिणाऱ्यांचा आवाज सुरक्षित आहे. दुसरा दफ्तरखाना सोलापूर, बार्शी, नगर, जालना येथल्या घरांत आहे : समासात चाली लिहिलेली ‘उपासना संगीत’ची जुनी प्रत, आजोबांची उपदेशाच्या टिपणांची वही, कोणत्या रविवारी कोणते स्तोत्र घ्यायचे याच्या पेन्सिलीच्या खुणा. घर बदलताना, रंगकाम काढताना या वह्या रद्दीत जात आहेत. त्यांना सूची नाही, त्यांचे छायाचित्रण नाही, आणि त्या ओळखू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

२३/ १८९९-१९०० च्या दुष्काळात सोलापूरच्या मिशनने अनाथ मुले सांभाळली. किती मुले, किती धान्य, किती डॉलर हे परदेशी दात्यांसाठीच्या अहवालांत लिहिले जात असे. त्या हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी, त्या मुलांसमोर उभे राहून, कोणते गीत म्हणायचे आणि कोणते आज नको, हे कोणा मराठी माणसाने ठरवले असेलच. ते नाव एखाद्या वहीत असेल, तर ती वही शोधायला हवी.